टीव्हीला कळू द्या, हा संगणक आहे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची आहेत : घरातला संगणक मोठ्या पडद्याच्या टीव्हीला जोडला, चित्र आले, पण मनासारखे आले नाही. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे, कारण इतर अनेक पत्रांतल्या तक्रारींचे मूळही तिथेच सापडते.

प्रश्न : आम्ही नुकताच ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला आणि संगणक एचडीएमआय केबलने त्याला जोडला. चित्रपट पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते. पण संगणकाच्या पडद्याच्या चारही कडा कापल्या जातात, खालची टास्कबार अर्धीच दिसते आणि मजकूर वाचताना डोळे दुखतात. दुकानदाराच्या सल्ल्यावरून केबल दोनदा बदलली, तरी काडीचाही फरक पडला नाही. टीव्हीच सदोष आहे का?

उत्तर : टीव्ही सदोष नाही आणि केबलही नाही. एचडीएमआय केबलीतून चित्र अंकांच्या रूपात जाते. त्यामुळे केबल खराब असली तर पडद्यावर चमचमणारे ठिपके उमटतात, चित्र क्षणभर जाते आणि पुन्हा येते, किंवा मुळी येतच नाही. परंतु अक्षरे पुसट होणे किंवा कडा कापल्या जाणे हे केबलीच्या दोषाचे लक्षण कधीच नसते. ही एक गोष्ट विक्रेत्यांनी लक्षात ठेवली तर ग्राहकांचा पुष्कळ पैसा आणि मनस्ताप वाचेल.

दोष आहे तो टीव्हीच्या समजुतीत. आपल्याकडे येणारे प्रत्येक चित्र हा चित्रपट किंवा प्रक्षेपित कार्यक्रम आहे असे टीव्ही गृहीत धरतो आणि ते दाखवण्याआधी त्यावर आपल्या परीने संस्कार करतो. चित्रपटाला हे संस्कार बहुधा मानवतात. संगणकाच्या चित्रात मात्र प्रत्येक ठिपका (पिक्सेल) जागच्या जागी असावा लागतो आणि तिथे हेच संस्कार नासधूस करतात. म्हणून आपल्याला करायचे ते एवढेच की, टीव्हीला एकेक संस्कार थांबवायला सांगायचे.

आधी कडांचे पाहू. जुन्या, काचेच्या मोठ्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ फिरत चित्र रेखाटत असे. कडांपाशी ते चित्र वेडेवाकडे होई आणि विजेचा दाब कमीजास्त झाला की ते आक्रसे किंवा फुगे. प्रेक्षकाला हे दिसू नये म्हणून चित्र मुळातच थोडे मोठे काढून त्याच्या कडा चौकटीआड दडवण्याची रीत पडली आणि प्रक्षेपण करणारेही महत्त्वाचा मजकूर कडांपासून आत ठेवू लागले. सपाट पडद्यांना या युक्तीची गरज उरलेली नाही, तरीही अनेक टीव्ही आजही येणारे चित्र काही टक्क्यांनी ताणून दाखवतात. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात.

यात केवळ कडा जातात असे नाही. एका ठिपक्याच्या जाडीची रेघ घ्या. चित्र चार टक्क्यांनी ताणले की ती रेघ एका ठिपक्यावर नेमकी बसत नाही. ती शेजारच्या दोन ठिपक्यांत विभागली जाते, आणि काळ्याशार रेघेच्या जागी दोन करड्या रेघा उमटतात. मराठी मजकुरात हे फार लवकर खटकते. शिरोरेषा कुठे जाड, कुठे बारीक दिसते, अनुस्वाराचे टिंब शिरोरेषेत मिसळून जाते, आणि ‘घ’ की ‘ध’, ‘भ’ की ‘म’ हे अंदाजाने ओळखावे लागते. आपले डोळे दुखतात ते त्यामुळेच.

उपाय टीव्हीच्या रिमोटवर आहे. चित्राच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ठरवण्याची जी जागा असते तिथे ‘१६:९’, ‘झूम’ यांसारख्या पर्यायांबरोबर ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’, ‘डॉट बाय डॉट’ किंवा ‘१:१’ अशा नावाचा एक पर्याय असतो. नाव कंपनीगणिक बदलते, काम एकच. तो निवडताच टास्कबार पूर्ण दिसू लागेल. काही संचांत याऐवजी ‘ओव्हरस्कॅन’ असाच शब्द असतो. तो बंद करावा.

संगणकाच्या ग्राफिक्स सेटिंगमध्येही चित्र आक्रसवण्याची सरकपट्टी असते आणि अनेक जण आधी तिकडेच वळतात. हा उपाय मी सुचवणार नाही. त्याने कडा दिसू लागतात हे खरे, पण संगणक चित्र आक्रसतो, टीव्ही ते पुन्हा ताणतो, आणि दोन्हींच्या ओढाताणीत अक्षरे पहिल्यापेक्षाही पुसट होतात. टीव्हीवर योग्य पर्याय मुळीच नसेल तेव्हाच नाइलाज म्हणून ती वापरावी.

आता रंगांकडे वळू. माणसाच्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक जितका कळतो, तितका रंगातला कळत नाही. याचा फायदा घेऊन चित्रपट आणि प्रक्षेपणे साठवताना प्रत्येक ठिपक्याचा उजेड स्वतंत्र नोंदवतात, पण रंग मात्र चार-चार ठिपक्यांच्या गटाला मिळून एकच देतात. यात जागा खूप वाचते आणि माणसांचे चेहरे, झाडे, आकाश पाहताना काही बिघडलेले कळत नाही. संगणकाकडून येणारा रंग मात्र मुळात ठिपक्यागणिक वेगळा असतो, आणि टीव्हीने सवयीने त्याचाही असाच गट करून टाकला की बारीक रंगीत अक्षरांचा विचका होतो.

याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. लिहिण्याच्या कोणत्याही प्रोग्राममध्ये पानाची पार्श्वभूमी गडद निळी करावी, त्यावर बारीक लाल अक्षरांत दोन ओळी टंकित कराव्यात आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर उभे राहून पाहावे. अक्षरांच्या कडा नीट कापल्यासारख्या दिसल्या तर चिंता नाही. लाल रंग मळकट होऊन निळ्यात पसरल्यासारखा वाटला, आणि पांढऱ्यावरची काळी अक्षरे मात्र त्याच वेळी बरी दिसली, तर टीव्ही रंगाचे गट करतो आहे असे समजावे. अशा वेळी टीव्हीच्या इनपुटच्या यादीत जाऊन, संगणक ज्या एचडीएमआयला जोडला आहे त्याचे नाव बदलून ‘पीसी’ करावे. काही संचांत नाव आणि त्याशेजारचे चिन्ह अशा दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतात. हे लेबल केवळ आपल्या सोयीसाठी असते असे वाटते, पण अनेक संचांत ते बदलताच रंगाचे गट करणे, कडा ठळक करणे आणि हालचाल गुळगुळीत करणे हे सारे एकदम थांबते. ‘पीसी’ नसेल तिथे ‘गेम मोड’ लावून पाहावा. संगणकाच्या ग्राफिक्स सेटिंगमध्येही रंगाचा प्रकार ‘आरजीबी’ किंवा ‘४:४:४’ असा असल्याची खात्री करावी.

राहता राहिली ती ‘शार्पनेस’. हा आकडा वाढवला की चित्र अधिक स्पष्ट होईल अशी आपली साहजिक अपेक्षा असते. प्रत्यक्षात टीव्ही अक्षराभोवती एक पांढुरकी कडा काढून स्पष्टतेचा आभास निर्माण करतो. काळ्या अक्षराजवळ जाऊन ही पांढरी कडा शोधावी आणि ती नाहीशी होईपर्यंत आकडा कमी करत जावा. काही संचांत शून्यावर अक्षरे उलट धूसर होतात आणि योग्य जागा मध्यावर असते. म्हणून आकड्यावर न जाता डोळ्यांनीच ठरवावे. अखेरीस संगणकाच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रेझोल्यूशन, म्हणजे आडव्या आणि उभ्या ठिपक्यांची संख्या, ३८४० गुणिले २१६० हीच आहे ना, ते पाहावे.

प्रश्न : फोर-के टीव्हीवर चित्र आणि अक्षरे उत्तम दिसतात, पण माउस हलवला की बाण अडखळत येतो. संगणक जुना झाला म्हणून असे होते का?

उत्तर : संगणकाच्या वेगाचा इथे बहुधा संबंध नाही. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘रिफ्रेश रेट’ पाहावा; तो ३० हर्ट्झ असेल, म्हणजे पडदा सेकंदाला ३० वेळाच ताजा होत असेल, असा माझा कयास आहे. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात, आणि सेकंदाला ६० चित्रे पाठवायची तर जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांची माहिती दर सेकंदाला केबलीतून जावी लागते. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ या आवृत्तीची मजल फोर-केच्या ३० चित्रांपर्यंतच होती. २०१३ च्या २.० आवृत्तीने ६० चित्रे शक्य केली आणि २०१७ च्या २.१ ने १२०.

संगणक, केबल आणि टीव्ही यांपैकी सर्वांत दुबळा जो असेल त्याच्या चालीने बाकीच्यांना चालावे लागते. तेव्हा तीन ठिकाणी पाहावे. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर केबल मदरबोर्डाच्या सॉकेटला न लावता कार्डाच्या सॉकेटला लावावी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआयपुरता ‘एन्हान्स्ड’, ‘यूएचडी कलर’ किंवा ‘सिग्नल प्लस’ अशासारखा पर्याय बंद असेल तर सुरू करावा. अनेक संच जुन्या उपकरणांची अडचण होऊ नये म्हणून तो बंद ठेवूनच येतात. आणि केबल घेताना वेष्टनावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे प्रमाणित लेबल पाहावे. टोकाला सोन्याचा मुलामा असण्याने चित्रात फरक पडत नाही. लांबीने मात्र पडतो, म्हणून केबल गरजेपेक्षा लांब घेऊ नये. एवढे करूनही आकडा ३० च्या पुढे जात नसेल तर रेझोल्यूशन १९२० गुणिले १०८० ठेवून ६० हर्ट्झवर काम करावे. कामापुरते ते अधिक सुखाचे होते.

प्रश्न : चित्र टीव्हीवर येते, पण आवाज संगणकातूनच येतो.

उत्तर : एचडीएमआयमधून आवाजही जातो, फक्त तो कुठे पाठवायचा ते संगणकाला सांगावे लागते. विंडोजमध्ये घड्याळाशेजारच्या ध्वनिवर्धकाच्या चिन्हावर जाऊन आउटपुटच्या यादीतून टीव्हीचे नाव निवडावे. यादीत नावच नसेल तर टीव्ही आधी सुरू करून, योग्य इनपुटवर आणून, मग संगणक सुरू करावा. विंडोजची कळ आणि ‘पी’ एकत्र दाबली की चित्र एका पडद्यावर हवे, दोन्हींवर सारखेच हवे की दोन्ही मिळून एक लांब पडदा हवा, हे निवडता येते.

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकाला निळ्या रंगाचे, १५ छिद्रांचे सॉकेट आहे आणि नव्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे. बाजारात एक साधी जोडकेबल मिळाली, तिच्या एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते आहे. चित्र काही येत नाही.

उत्तर : त्या केबलीतून ते येणारही नाही. आपले सॉकेट व्हीजीए आहे. १९८७ मध्ये आलेल्या या पद्धतीत चित्र चढउतार करणाऱ्या विद्युत दाबाच्या रूपात जाते, तर एचडीएमआयला ते अंकांत लागते. भाषाच वेगळी असल्यामुळे मध्ये दुभाषा हवा, म्हणजे रूपांतर करणारे उपकरण हवे, आणि त्याला स्वतःला वीज लागते. म्हणून विकत घेताना त्याला यूएसबीची वायर आहे का आणि आवाजासाठी वेगळे छिद्र आहे का ते पाहावे, कारण व्हीजीएमधून आवाज जात नाही. दिशाही नीट वाचावी : आपल्याला ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ हवे आहे; ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ दिसायला तसेच असते, पण उलट दिशेला चालत नाही.

घाई करण्यापूर्वी संगणकाच्या मागे पांढरे, रुंद डीव्हीआय सॉकेट आहे का, ते अवश्य पाहावे. ते असेल तर आपले काम फार सोपे आहे. डीव्हीआय-डी आणि डीव्हीआय-आय या प्रकारांतले अंकीय चित्र एचडीएमआयशी जुळते, त्यामुळे तिथे साधी जोडकेबल पुरते आणि चित्रही व्हीजीएपेक्षा स्वच्छ येते. आवाजाची सोय बहुधा वेगळी करावी लागते.

याच संदर्भात लॅपटॉपधारकांसाठी एक सूचना : यूएसबी-सी सॉकेट आहे म्हणजे त्यातून चित्र निघेलच असे नाही. सॉकेटशेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टच्या विजेचे चिन्ह आहे का ते पाहावे, किंवा लॅपटॉपच्या माहितीपत्रकात शोधावे, आणि त्यानंतरच अडॅप्टर घ्यावा.

प्रश्न : केबल लावताना टीव्हीच्या मागच्या धातूला हात लागला की मुंग्या आल्यासारखे होते. शिवाय संगणक ध्वनिवर्धकाला जोडला की घूंऽऽ असा आवाज येतो. हे धोकादायक आहे का?

उत्तर : हे पत्र लिहिलेत हे फार बरे केले. दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या टीव्हीत आणि लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेचा उपद्रव शोषण्यासाठी एक लहानसा कपॅसिटर असतो आणि त्यातून अत्यल्प प्रवाह धातूच्या भागावर येतो. मुंग्या येतात त्या बहुतेक वेळा त्याच्याच. तीन पिनांचा संगणक जोडल्यावर हा प्रवाह अर्थिंगवाटे जमिनीत निघून जायला हवा. तो जात नसेल, किंवा संगणकाच्या धातूच्या पेटीलाच हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर त्या सॉकेटचे अर्थिंग तुटलेले असण्याची दाट शक्यता आहे. त्यावर दुसरा कोणताही उपाय न करता आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, आणि तोपर्यंत ती जोडणी वापरू नये.

एचडीएमआय केबल उपकरणे चालू असताना लावता येईल अशीच बनवलेली असते. परंतु अशी गळती जाणवत असेल तेव्हा दोन्ही उपकरणांचे प्लग काढूनच ती लावावी, कारण तोच प्रवाह केबलीच्या बारीक पिनांमधून वाट काढू शकतो आणि सॉकेट कायमचे निकामी करू शकतो.

घूं आवाजाचे कारण बहुधा वेगळे आहे. संगणक घराच्या अर्थिंगला जोडलेला असतो आणि छतावरच्या अँटेनाची किंवा केबल टीव्हीची वायर दुसरीकडेच कुठे जमिनीला जोडलेली असते. या दोन जमिनींमध्ये वर्तुळ पूर्ण झाले की विजेची गुणगुण आवाजात शिरते. टीव्हीच्या मागून अँटेनाची वायर काढून पाहा. आवाज तत्क्षणी थांबला तर कारण सापडले. त्या वायरीवर आयसोलेटर, म्हणजे चित्राचा संकेत जाऊ देऊन जमिनीचा दुवा तोडणारा लहानसा जोड, बसवावा, आणि संगणक, टीव्ही व ध्वनिवर्धक एकाच सॉकेटवरून चालवावेत. आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपा करून मानू नका. त्या पिनेवर आपल्या घरातल्या माणसांचा जीव अवलंबून आहे.

प्रश्न : केबल न वापरता हे सारे जमेल का?

उत्तर : चित्रपट आणि छायाचित्रांपुरते जमेल. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि ‘के’ दाबली की जवळचे टीव्ही शोधले जातात. टीव्हीवर मीराकास्ट किंवा ‘स्क्रीन मिररिंग’ची सोय असेल तर तो यादीत दिसतो. मॅकसाठी एअरप्ले आहे. मात्र बिनतारी पाठवताना चित्र दाबून लहान केले जाते आणि टीव्हीकडे पोहोचल्यावर पुन्हा उलगडले जाते. त्यात अक्षरांची धार जाते आणि माउस हलवल्यानंतर बाण जरा वेळाने हलतो. लिहिण्यावाचण्याच्या कामाला केबलच लावावी.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ८२ आहे आणि त्यांची दृष्टी बरीच अधू झाली आहे. त्यांना वर्तमानपत्र आणि नातवंडांची पत्रे वाचता यावीत म्हणून मी संगणक फोर-के टीव्हीला जोडला. अक्षरे मोठी व्हावीत म्हणून रेझोल्यूशन १२८० गुणिले ७२० केले. अक्षरे मोठी झाली, पण फिकट आणि पसरट दिसतात. ते म्हणतात, राहू दे.

उत्तर : त्यांना ‘राहू दे’ म्हणू देऊ नका, थोडा बदल केला तर हे चांगले साधेल. रेझोल्यूशन कमी केले की संगणक अक्षर थोड्या ठिपक्यांत काढतो आणि टीव्ही ते ताणून मोठे करतो, म्हणून ते पसरट होते. त्याऐवजी रेझोल्यूशन ३८४० गुणिले २१६० असेच ठेवून त्याच सेटिंगमधला ‘स्केल’ हा आकडा २५० किंवा ३०० टक्के करावा. मग तेच मोठे अक्षर संगणक कितीतरी अधिक ठिपके वापरून रेखतो आणि शिरोरेषा, वेलांट्या, टिंबे धारदार राहतात. सुलभतेच्या सेटिंगमध्ये नुसता मजकूर २२५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची वेगळी सोयही आहे, आणि माउसचा बाण मोठा व ठळक रंगाचा करण्याचीही. ब्राउझरमध्ये कंट्रोल कळ दाबून माउसचे चाक फिरवले की पान मोठे होते. विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह दाबले की पडद्याचा भाग भिंगाखाली धरल्यासारखा दिसतो.

किती मोठे करावे याचा अंदाज पट्टीने घेता येतो. निकोप दृष्टीच्या माणसाला ३ मीटरवरून जेमतेम ओळखता येणारे अक्षर सुमारे ४.४ मिलिमीटर उंचीचे असते, आणि सलग वाचन सुखाने व्हायचे तर त्याच्या दुप्पट-तिप्पट उंची हवी. आपल्या वडिलांना त्याहून बरीच अधिक लागेल. पट्टी पडद्याला टेकवून एका अक्षराची उंची मोजा, म्हणजे आज आपण कुठे आहोत ते कळेल. पांढऱ्यावर काळे वाचणे सोपे जाते की काळ्यावर पांढरे, हे दृष्टिदोषाप्रमाणे बदलते. दोन्ही दाखवून त्यांनाच विचारावे. समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब टीव्हीवर पडत असेल तर खिडकीचा पडदा ओढून घ्यावा.

आणि एक गोष्ट सेटिंगबाहेरची. अंतर निम्मे झाले की तेच अक्षर डोळ्याला दुप्पट मोठे दिसते. मोठा टीव्ही लांबूनच पाहायचा हा नियम कमी ठिपक्यांच्या जुन्या टीव्हींच्या काळातला आहे. फोर-केच्या ५५ इंची पडद्यावरचा एक ठिपका जेमतेम ०.३२ मिलिमीटरचा असतो आणि १.१ मीटरच्या पुढून तो निकोप डोळ्यालाही सुटा दिसत नाही. तेव्हा त्यांची हातांची खुर्ची पडद्यापासून दीड मीटरवर आणून ठेवा, कीबोर्ड त्यांच्या मांडीवर द्या, आणि अक्षर किती मोठे हवे ते त्यांनाच ठरवू द्या.